फुकटच्या फोटोंचं आंदण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आमगावच्या फोटो स्टुडिओतल्या मामींचे म्हणून सांगतो. आईवडिलांना याचं वाईट वाटत नाही, कारण त्यांना विचारलं तर तेही हेच सांगतात. त्या माझ्या सख्ख्या मामी नव्हेत, चुलतही नव्हेत. स्टुडिओच्या मालकांना सारं आमगाव मामा म्हणायचं, म्हणून त्या मामी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. मी ओलांडलं, पदवी घेऊन बाहेर आलो आणि आज शाळेत चित्रकला शिकवतो. यात माझी मेहनत नाही असं नाही, पण फाटकापर्यंत ढकलत नेणारा हात मामींचा होता. इथे सांगणार आहे ते त्या पदवीच्या शेवटच्या परीक्षेबद्दल. ती एका लग्नाच्या मांडवात झाली.

मामींची ओळख झाली १९९९ साली. दहावीच्या फॉर्मला फोटो हवा होता म्हणून गावाहून सायकल मारत स्टुडिओत गेलो. मामा आत रोल भरत होते. मला ज्या स्टुलावर बसवलं त्याच्यामागे एक रंगवलेला पडदा होता, त्यावर काश्मीरचा धबधबा. रंगाचे पोपडे निघाल्यामुळे पाणी वरून पडायला लागून अर्ध्यातच थांबलेलं दिसत होतं.

"मामी, हा धबधबा मधातच अडकला जी," मी म्हणालो.

"तुले येते का खाली आनाले?"

"येते."

पुढच्या रविवारी मी रंग घेऊन गेलो आणि धबधबा खाली आणला. रंग उरला, म्हणून पायथ्याशी धानाची एक बांधी, म्हणजे भातखाचर, काढली आणि बांधीत सारसांची जोडी उभी केली. मामा बाहेर आले आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिले.

"काश्मीरात सारस कोनी पाह्यला गा?"

"आमगावात काश्मीर कोनी पाह्यला?" मामी आतून म्हणाल्या. "राहू द्या."

पुढच्या लग्नसराईत लोक 'सारसवाला फोटो पाहिजे' म्हणून यायला लागले आणि मामांनी विषय सोडला. मामींनी मात्र धरला. आठवडी बाजारात त्यांनी माझ्या वडिलांना गाठलं आणि पोराला नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात घाला म्हणून सांगितलं.

"चित्रं काढून धान पिकते का जी?" वडील म्हणाले.

"अन् तुमचं धान पिकून चित्र निघते का?"

या प्रश्नाला अर्थ होता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. वडिलांनाही कळलं नसावं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बैल सोडताना ते म्हणाले, "जा बापा."

लगेच जायला मिळालं नाही. बारावी झाली, मग काही वर्षं स्टुडिओतच पडदे रंगवत काढली. त्यामुळे फोटोचा जुना जमाना आणि नवा जमाना दोन्ही मी त्याच दारातून पाहिले.

जुन्या जमान्यात फोटो जपून काढायची गोष्ट होती. रोलमध्ये जेवढे बसतील तेवढेच. लग्नात हळद लागो की वरात येवो, मामा कॅमेरा छातीशी धरून उभे राहत. "सप्तपदीले लागल," म्हणत. नवरीची एखादी मावशी आडवी यायची, "माहा काढा ना जी एक." मामा नुसता फ्लॅश मारायचे, बटण दाबायचे नाहीत. मावशी खूश. अल्बम आल्यावर तिचा फोटो नसायचा, तेव्हा मामा गंभीरपणे सांगायचे, "तुमचे डोये मिटले होते." तालुक्यातल्या कितीतरी मावश्यांचा असा समज झाला होता की फोटोच्या वेळी आपले डोळे उघडे राहतच नाहीत.

रंगीत रोल धुवायला गोंदियाला जायचे. पासपोर्टचे काळे-पांढरे फोटो मामा घरीच धुवायचे आणि त्याचं पाणी मागच्या अंगणात ओतायचे. तिथलं कढीपत्त्याचं झाड आधी पिवळं पडलं, मग वाळलं. झाड मामींनी लावलेलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस मामांना फोडणीत कढीपत्ता मिळाला नाही, आणि का मिळाला नाही हे रोज जेवताना ऐकायला मिळालं.

मग एक दिवस गोंदियाचा एक विक्रेता डिजिटल कॅमेरा घेऊन आला. टाय लावलेला माणूस स्टुडिओत पहिल्यांदाच आला होता.

"अब ना रोल, ना केमिकल, भाभीजी. खींचते जाओ, मिटाते जाओ. कुछ नहीं लगता. सब फ्री!"

केमिकल नाही म्हटल्यावर मामींनी मान डोलवली. कॅमेरा आला, मागोमाग संगणक आला, प्रिंटर आला. आणि मामा बदलले. ज्या माणसाच्या अंगात बटण दाबताना हीव भरायचं तो आता मांडवातल्या कोंबडीचे फोटो काढू लागला. आचाऱ्याचे काढले, जनरेटरचे काढले, जनरेटर सुरू करणाऱ्याचे काढले. मावश्यांचं तर नशीबच उघडलं. "आनखी एक काढा ना जी, फुकटच त आहे!" हे वाक्य प्रत्येक लग्नात मंगलाष्टकांपेक्षा जास्त वेळा ऐकू यायचं.

फुकट काय होतं ते मला हळूहळू दिसायला लागलं. कॅमेरा पेन्सिल सेल खायचा. एका लग्नात मामांचे दोन्ही खिसे रिकाम्या सेलांनी लोंबायचे. मग वराची सीडी, वधूची सीडी, दोन्हीकडच्या मामांची सीडी, आणि आपल्याला सीडी का नाही म्हणून रुसलेल्या काकांची सीडी. प्रिंटरच्या शाईच्या डब्या संपायच्या. अल्बमसाठी फोटो निवडायला दोन्हीकडची मंडळी स्टुडिओत बसली की नेमके लाईट जायचे. ते दिवस लोडशेडिंगचे होते. मामा जनरेटर लावायचे, आणि डिझेलच्या धुरात खोकत खोकत सारं कुटुंब नवरीचा हसरा फोटो कोणता यावर भांडायचं. हजार फोटोंतून अल्बमला पन्नास लागायचे. उरलेले संगणकात पडून राहायचे. संगणक भरला की दुसरा यायचा, पहिला मागच्या खोलीत जायचा.

रिकामे सेल मामा बोडीत टाकायला निघाले होते. स्टुडिओच्या मागे थोड्या अंतरावर बोडी, म्हणजे छोटं तळं, होती, आजूबाजूच्या बांध्यांना तिचंच पाणी जायचं.

"टाका," मामी म्हणाल्या. "अन् आंघोयीले कुठं जान आता?"

त्यामुळे सेल बोडीत गेले नाहीत. ते तेलाच्या रिकाम्या डब्यांत गेले, डबे मागच्या खोलीत गेले आणि खोलीचं दार लावायचं बंद झालं, कारण ते लागेना.

तोवर मी नागपूरला कॉलेजात दाखल झालो होतो. तिथे आमचे सर नेहमी सांगायचे, "काम स्वतःच्या मातीतून आलं पाहिजे." पहिल्या वर्षी हे ऐकून मी सुट्टीत घरी गेलो आणि येताना आमच्या बांधीतली माती पोत्यात भरून पॅसेंजरने घेऊन आलो. कॉलेजच्या दारात उतरवली तर तिथे आधीच तीन ढीग होते. एक यवतमाळच्या काळ्या मातीचा, एक भंडाऱ्याचा, तिसरा कोणाचा ते कळलं नाही. सर आले, चारही ढिगांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, माती म्हणजे ही नाही रे." मग कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या मातीत कॉलेजच्या माळ्याने झेंडू लावला. छान आला.

शेवटच्या वर्षी दिवाळीत मामींनी मला मागच्या खोलीतून शिडी काढायला पाठवलं आणि मला माझी माती सापडली. दार ढकललं आणि वास आला, फुटलेल्या सेलांचा, वाळलेल्या शाईचा, तापून मेलेल्या तारांचा. समोर डब्यांची उतरंड, वर सीडींचे गठ्ठे, मेलेले संगणक, प्रिंटर, चार्जरच्या तारांचा गुंता.

"मामी, हे सारं मले पाहिजे."

"कायले?"

"परीक्षेले."

मग मी त्यांना मांडणशिल्प समजावून सांगितलं. खऱ्या वस्तू खऱ्या जागेत अशा मांडायच्या की माणूस त्यांच्यामधून चालला पाहिजे आणि चालता चालता विचारात पडला पाहिजे. मामींनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हनजे चित्र नाही काढाचं? नुसतं मांडाचं?"

"हो."

"अन् त्याले पदवी भेटते?"

"भेटते."

"मंग मी तिसेक वर्षांपासून भांडे मांडून राहिली, मले काऊन नाही भेटली?"

मामांना हे मुळीच पसंत नव्हतं. "आपल्याच धंद्याचं भंगार लोकाले दाखवाचं? गिऱ्हाईक येईल का मंग?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मलाही ती भीती होतीच. ज्या घरानं मला उभं केलं त्याच घराच्या पोटावर पाय पडला तर?

मामींनी डब्यातला एक सेल उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "येईल गिऱ्हाईक. लोक का फोटो सोडतील? पन पाहू त द्या त्यायले, आपन काय जमवून राहिलो."

एवढ्यावर काम व्हायला हवं होतं, पण मी तेव्हा फार तत्त्वाचा मुलगा होतो. परीक्षेचा नियम असा होता की कामाचे फोटो काढून सीडीवर द्यायचे, तीन प्रती. मी सरांना सांगितलं की डिजिटल फोटोच्या कचऱ्यावरच्या कामाचे मी डिजिटल फोटो काढणार नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. 

"फोटो नाही तर मार्क नाहीत."

"परीक्षकांनी येऊन पाहावं, सर."

"आमगावला?"

"पॅसेंजर थांबते, सर."

बाहेरच्या परीक्षक एक बाई होत्या. त्यांनी कसा कोण जाणे, पण होकार दिला. एकदाच येईन, त्या दिवशी जे उभं असेल त्याला मार्क देईन, काही उभं नसेल तर पुढच्या वर्षी बघू, असा निरोप आला. पुढच्या वर्षी ही कल्पनाच मला सहन होण्यासारखी नव्हती. यंदा पोरगा सुटते, असं वडिलांनी गावात सांगून टाकलं होतं. आमच्याकडे 'अजून एक वर्ष' म्हणजे नापास, मग कारण काहीही असो. म्हणजे त्या एका दिवशी माझं काम उभं असलं पाहिजे, एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं.

एप्रिल होता, लग्नसराई ऐन भरात. एवढं सगळं मांडायला मोठी जागा हवी होती, म्हणून मामींनी बिछायतवाल्याला गाठलं. तो मांडव टाकायचा, मामा फोटो काढायचे, त्यामुळे दोघांचं बरं जमायचं. परीक्षक बाई येणार त्याच दिवशी एका शाळेच्या पटांगणावर लग्न होतं. मांडव मोठा होता, मागचा एक खण रिकामा होता. "घ्या वापरून," बिछायतवाला म्हणाला. "मधात कनात लावून देतो. तिकडं कोन येते?" त्यामुळे नवरीच्या वडिलांना विचारायची गरज कोणालाच वाटली नाही.

मी आदल्या दिवशी मांडलं. हा सगळा कचरा लग्नांतूनच आलेला होता, म्हणून मांडणीही लग्नासारखीच केली. दोन उंच पाठीच्या खुर्च्यांवर दोन मेलेले संगणक बसवले आणि त्यांना हार घातले. वर सीडींचं तोरण. खाली पत्रावळ्यांची पंगत आणि प्रत्येक पत्रावळीवर सेलांची मूठ, शाईची एक डबी. बाजूला मामींकडून आणलेला पलंग, त्यावर चादर, चादरीवर तीन प्रिंटर ओळीने. पलंगाशेजारी संगणकाला गार ठेवता ठेवता स्वतः जळालेला कूलर. मामींचे तेलाचे डबे उतरंडीने रचले. आणि या सगळ्यावर एक पाटी लावली. तिच्यावर मी माझ्या सर्वोत्तम अक्षरात, लाल रंगात लिहिलं होतं: फुकट.

आमच्याकडची पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुलीला लग्नात जे आंदण द्यायचं, म्हणजे पलंग, कपाट, कूलर, भांड्यांची उतरंड, ते मांडवाच्या एका बाजूला नीट मांडून ठेवतात. वराकडची मंडळी येऊन ते पाहतात, पलंग दाबून बघतात, कपाटाचं दार उघडून बंद करतात. हे मला जन्मापासून माहीत होतं. तरीही त्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलं नाही, कारण डोक्यात फक्त कला होती.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की डांबर बुटाला चिकटत होतं. वरात सालेकश्याकडून आली आणि आल्या आल्या पाणी मागू लागली. पाण्याचा ड्रम मांडवाच्या मागे होता. तिकडे जायला वाट करायची म्हणून बिछायतवाल्याच्या माणसांनी मधली कनात सोडली. मी परीक्षकांची वाट पाहत रस्त्याच्या बाजूला उभा होतो. मागे गलका वाढला म्हणून वळून पाहिलं तर वराकडची पंधरावीस माणसं माझ्या कामामधून चालत होती.

चालता चालता ती विचारात पडली होती. मला खरंच आनंद झाला.

त्यांच्या पुढे नवरदेवाचे मोठे जावई होते, बहिणीचे यजमान. ते बालाघाटकडचे, अंगात कडक इस्त्रीचा सफारी, खांद्यावर टॉवेल. मोठ्या जावयाला मांडवात नवरदेवाच्या खालोखाल मान असतो, आणि तो राखण्यासाठी ते तयारीनंच आलेले दिसत होते. त्यांनी पलंग दाबून पाहिला. प्रिंटर उचलला, खालून पाहिला, ठेवला. मग मान वर करून पाटी वाचली.

"ये क्या मजाक है?" ते म्हणाले. "आंदणात भंगार? अन् वरून लिहिलं काय, फुकट! हमने माँगा था क्या कुछ?"

मी धावत गेलो. "दादाजी, हे आंदन नाही. हे मांडणशिल्प आहे. डिजिटल छायाचित्रणामुळे पर्यावरणावर जो..."

"तू नवरीचा कोण?"

"कोनी नाही जी."

"मग बीच में मत बोल."

जावई सफारीची घडी सांभाळत ड्रमाशेजारी एका खुर्चीवर बसले आणि त्यांनी टॉवेल तोंडावर घेतला. याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. जावई रुसले. आता ते उठेपर्यंत लग्न पुढे सरकणार नव्हतं.

नवरीचे वडील धापा टाकत आले. त्यांनी ते सगळं पहिल्यांदाच पाहिलं. खुर्चीवर हार घालून बसलेले संगणक पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"हे आमचं नोहे, जवाईबापू! आईची शपथ. आमचं आंदन तिकडं आहे, कपाट आहे, कूलर आहे, चालू कूलर!"

"तुमच्या मांडवात आहे, तो किसका है?" टॉवेलाखालून आवाज आला.

नवरीच्या वडिलांनी माझा हात धरला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विनवलं. "बापू, उचल हे आधी. लेकीचं लगन आहे."

ते बरोबर होते. मुहूर्त जवळ आला होता, आणि गाडी वेळेवर असली तर परीक्षक बाई एव्हाना स्टेशनवर उतरल्या असणार होत्या. मी तोरणाला हात घातला. पहिली सीडी काढली. दुसरी काढली. माझं पुढचं वर्ष एकेक सीडीनं माझ्या हातात येत होतं.

तेवढ्यात मामी आल्या. लग्नात बायकांकडचे फोटो त्या काढायच्या, गळ्यात कॅमेरा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, टॉवेलाकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून त्या टॉवेलासमोर बसल्या.

"जवाईबापू, वयखलं का मले?"

टॉवेल हलला नाही.

"तुमच्या लग्नातली फोटोवाली. सालेकश्याले आलतो आमी. नवरी मांडवात बसून राहिली, बामन ओरडून राहिला, अन् तुमी तनसाच्या ढिगावर चढून गॉगल लावून फोटो काढून राहिले होते. आठवते?"

टॉवेल थोडा खाली आला. एक डोळा दिसला.

"मंग मोटारसायकलवर. मंग मोटारसायकलच्या बाजूनं. मंग कोनाची तरी बंदूक मांगून आनली. 'आनखी एक, मामी, आनखी एक.' त्या दिवशीचे सेल आहेत हे. लोकाचं भंगार नाही, बापू. तुमचंच आहे."

मागून बायकांत हसू फुटलं. सगळ्यात मोठं हसू जावयांच्या बायकोचं होतं.

"अन् त्यातला एक तरी फोटो घरात लागला का?" ती पुढे येऊन म्हणाली. "सीडी पोरानं गाडीचं चाक केली. विचारा त्यायले!"

जावयांनी टॉवेल पूर्ण काढला. आता चिडावं की हसावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मग त्यांनी वाकून पत्रावळीवरचा एक सेल उचलला आणि निरखून पाहिला.

"ये मेरा है?"

"तुमचा असल, नाई त तुमच्या साडूचा असल. त्याचं बी लगन आमीच केलं."

साडू तिथेच होता. तोही वाकला. मग बाकीचे वाकले. आमच्या पोरीचे कोणते, पुतण्याचे कोणते, अशी विचारणा सुरू झाली. मी दोन सीडी हातात घेऊन उभा होतो. नवरीच्या वडिलांनी संधी साधून जावयांना उठवलं, नारळ दिला, टोपी दिली आणि बामणाला हाक मारली.

परीक्षक बाई आल्या त्या नेमक्या मंगलाष्टकांच्या वेळी. सुती साडी, खांद्यावर झोळी, चेहरा उन्हानं लाल. बोलायला तोंड उघडणार तोच कोणीतरी त्यांच्या हातात अक्षता दिल्या. त्यांनी माझ्या कामाच्या मधोमध उभं राहून, ओळख ना पाळख अशा जोडप्यावर अक्षता टाकल्या. मग विचारलं, "हे काम कोणाचं?"

"हमारा ही है जी," मोठे जावई पुढे होऊन म्हणाले. "आइए, दिखाता हूँ."

आणि त्यांनी दाखवलं. पंगतीतून नेलं, डब्यांची झाकणं उघडून वास दिला. फोटो फुकट म्हणतात, पण हे सेल काही आकाशातून पडत नाहीत, संगणक चालायला लाईट लागते, लाईटला कोळसा लागतो, कोळसा संपला की जनरेटरला डिझेल लागतं, असं त्यांनी स्वतःच जुळवत सांगितलं. मी वहीभर लिहून पाठ केलेलं यापेक्षा लांब होतं आणि यापेक्षा वाईट. मध्येच त्यांनी गॉगलच्या फोटोंचाही उल्लेख केला, आता थोड्या अभिमानानं. बाई टिपणं काढत होत्या. माझी पदवी सफारीतल्या माणसाला मिळते की काय, असं मला वाटायला लागलं.

मामींनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. "बोल ना बे!"

"मॅडम," मी म्हणालो, "विद्यार्थी मी आहे. हे नवरदेवाचे जावई आहेत. त्यांना हे आंदण वाटलं होतं."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, पाटी वाचली आणि त्या हसायला लागल्या. हसणं आवरल्यावर मांडवातच माझी तोंडी परीक्षा झाली. चित्र का काढलं नाहीस, असं विचारलं. चित्रात सेल दिसले असते पण वास आला नसता, मी म्हणालो. फोटो का काढले नाहीस? सेल लागले असते, ते पुन्हा पत्रावळीवर ठेवावे लागले असते, मांडणी बिघडली असती. मग त्यांनी विचारलं, "आणि उद्या मांडव उठल्यावर हे सगळं कुठे जाणार?"

 "मामींच्या खोलीत," मी म्हणालो. "दुसरी जागा मला माहीत नाही, मॅडम. जिल्ह्यात आहे का तेही माहीत नाही." बाईंनी ते लिहून घेतलं.

एवढ्यात जावयांनी सगळ्यांना गोळा केलं. नवरानवरी, दोन्हीकडची मंडळी, परीक्षक बाई. "मामी, यहाँ एक फोटो हो जाए!"

मामींनी कॅमेरा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. "काढू का?"

बाईही माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, परीक्षा आत्ता सुरू झाली. नवरीला मी नाही म्हणू शकत नव्हतो. तिच्या लग्नात मी आधीच पुरेसा गोंधळ घातला होता. हो म्हटलं असतं तर माझी पाटी माझ्यावरच हसली असती.

"काढा," मी म्हणालो. "पन एकच."

'एकच' म्हटल्याबरोबर मांडवात धावपळ उडाली. एकच म्हणजे कोण कुठे उभं राहणार? मावश्यांनी पदर नीट केले. साडूनं भांग पाडला. कोणीतरी आजोबांना जेवणावरून उठवून आणलं, हात धुऊन. नवरीच्या वडिलांना मागे उभं राहायचं होतं, त्यांना ओढून पुढे बसवलं. सारे एकमेकांकडे पाहून घेत होते. मग सगळे स्तब्ध झाले, श्वाससुद्धा धरून. इतकं गप्प मी त्या मांडवाला दिवसभर पाहिलं नव्हतं. मामींनी बटण दाबलं.

"आनखी एक!" जावई ओरडले. "माझे डोळे मिटले होते!"

"मिटू द्या," मामी म्हणाल्या, आणि कॅमेरा बंद करून पंगत वाढायला गेल्या.

मी पास झालो. प्रथम वर्गात झालो, हे मला निकाल लागल्यावर कॉलेजच्या फळ्यावर कळलं. तसाच वसतिगृहावर गेलो आणि घरी लिहायच्या आधी मामींना लिहिलं. त्या पत्राची नक्कल मी तेव्हा ठेवली होती, ती अशी:

नागपूर

ती. मामींस साष्टांग नमस्कार,

मी पास झालो. पहिल्या वर्गात झालो. सर म्हणाले, परीक्षक बाईंनी लिहिलं आहे की काम चांगलं आहे, पण विद्यार्थ्याला शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. ते खरं आहे. इथे एका कारखान्यात जाऊन आलो. ते जुने संगणक आणि तारा घेतो म्हणाले. सेलांचं नाव काढलं की दुसऱ्याकडे बोट दाखवतात, दुसरा तिसऱ्याकडे. मी विचारणं सोडलेलं नाही. तोवर खोली तुमच्याकडेच राहू द्या. मला माहीत आहे, मी मागतो आहे ते सोपं नाही.

मामांना सांगा की त्या लग्नामुळे गिऱ्हाईक तुटलं असेल तर मी सुट्टीत येऊन सगळे पडदे नव्यानं रंगवून देईन. तुटलं नसेल तरी देईन.

पदवीदानाला पालकांसाठी दोन पास मिळतात. एक बाबांचा. दुसरा आईनं मागच्या सुट्टीतच तुमच्यासाठी ठेवायला सांगितला आहे. ती म्हणते, मला तिथलं इंग्रजी कळणार नाही, मी घरी देवापाशी बसते. मी खूप समजावलं, पण ती ऐकत नाही, आणि खरं सांगायचं तर मला वाटतं तिनं हे फार आधीच ठरवलेलं होतं.

तुम्ही सकाळच्या पॅसेंजरनं बाबांना घेऊन या. त्यांना फलाट बदलताना धरा, ते गोंधळतात आणि कबूल करत नाहीत. सभागृहात पुढच्या रांगा पालकांच्या आहेत, तिथेच बसा. दारावरचा माणूस विचारेल की विद्यार्थी तुमचा कोण. मी त्याला आधीच सांगून ठेवणार होतो, पण काय सांगावं ते मला सुचलं नाही. तुम्ही सांगाल ते बरोबर असेल.

जेवण आणू नका, कॉलेज नाश्ता देतं. आणणारच असाल तर जास्त आणा. मागच्या वेळचं वसतिगृहानं खाल्लं आणि मला नुसता डबा धुवायला मिळाला.

आपला सारसवाला